मेंढीकोटाचा चौथा भिडू

माझ्या भावाला जुने दिवस आठवायला लागले की आमच्या घरातल्या बायकांनी पदर खोचायचा, असा साधारण नियम आहे. तो बारामतीला राहतो, एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि माणूस वाईट नाही. पण मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या कंपनीनं सगळ्या साहेबलोकांना एका प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता, कुटुंबाला वेळ कसा द्यावा. प्रशिक्षण रविवारी ठेवलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिथून दादा घरी आला तो पेटूनच.

आठवड्याच्या आत घरच्यांचा एक ग्रुप निघाला आणि त्यावर दादाचं फर्मान आलं. दर महिन्याला एका रविवारी सगळ्यांनी अंथुर्ण्याला, आई-आबांकडं जमायचं. आल्या आल्या मोबाईल दुरडीत टाकायचे. आणि मग आपण लहानपणी करायचो तशा गोष्टी लहानथोरांनी मिळून करायच्या. मोबाईल बाजूला ठेवण्याचं हे फर्मान त्यानं मोबाईलवर इतक्या वेळा आणि इतक्या चित्रांसकट पाठवलं की आबांचा फोन भरून बंद पडला. मी लग्न होऊन इंदापूरला. आमच्या डाळिंबाच्या बागेला रविवार ठाऊक नाही, तरी मी होकार कळवला. थोरल्या भावाला नाही कसं म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही हौस होतीच.

दुरडीचा पहिला फटका म्हाताऱ्यांना बसला. मोबाईल म्हणजे पोरांचं व्यसन असं आम्ही धरून चाललो होतो. पण आबांना रविवारी सकाळी जुन्या कुस्त्या बघायच्या असतात, आणि आई मोरगावच्या मावशीशी व्हिडिओवर बोलते. दोघी बहिणी फोन भांड्यांच्या फळीला टेकवून ठेवतात आणि आपापला स्वयंपाक करत गप्पा मारतात. त्या रविवारी मावशी बिचारी तिकडं वाट बघत बसली, आणि आबा दुरडीभोवती घुटमळत राहिले. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉलेजात आहे. तिनं मात्र फोन सगळ्यात आधी आणि हसत हसत टाकला. तिचे सगळे मेसेज मनगटावरच्या घड्याळात येत होते, हे दादाच्या ध्यानात यायला दुपार झाली.

पहिल्या रविवारी कुरडया ठरल्या होत्या. दादाच्या आठवणीत कुरडया म्हणजे सगळ्या घराचा सण. 'आपण सगळे मिळून करायचो,' असं त्यानं ग्रुपवर पुन्हा पुन्हा लिहिलं. आता कुरडयांचं असं असतं, की गहू काही दिवस आधीच भिजत घालावा लागतो, रोज त्याचं पाणी बदलावं लागतं, मग तो वाटून, गाळून चीक काढायचा आणि करायच्या दिवशी सकाळी तो चुलीवर घोटत बसायचं, दंड भरून येईपर्यंत. हे सगळं आईनं केलं. 'सगळे' आले ते चीक शिजल्यावर, हातात वाट्या घेऊन. दादानं तूप-गूळ घालून चीक खाल्ला, डोळे मिटले आणि बालपण परत आल्याचं जाहीर केलं. मग मोठ्या हौसेनं सोऱ्या दाबायला बसला. चार-सहा कुरडया झाल्यावर त्याचा खांदा धरला. उरलेल्या आई, वहिनी आणि मी उन्हात बसून घातल्या. दादानं दुरडीतून आपला मोबाईल काढून आमचे फोटो घेतले, कारण आठवणी जपणं नियमात बसत होतं. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "तवा बी असंच हुतं. तुमी चीक खायला हुता."

दादानं ते ऐकलं, हसला आणि तेही ग्रुपवर टाकलं.

पुढच्या महिन्यात विटीदांडू. लहानपणी आम्ही ज्या माळावर खेळायचो तिथं पाणी आलं आणि माळाचा ऊस झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दारात उरली आहे ती जागा ट्रॅक्टर वळवण्यापुरती. दादाच्या पहिल्याच टोल्याला विटी उसात गेली ती गेलीच. पान अंगाला कापतं म्हणून उसात शिरायला कुणी तयार होईना, तोसुद्धा. खेळ तिथंच आटोपला आणि वेळ उरला म्हणून जेवण लवकर मागण्यात आलं. जुन्या गोष्टी कुठल्याही काढा, शेवट आमच्याकडं स्वयंपाकघरातच होतो.

मग मे महिन्यासाठी दादानं पत्ते काढले, आणि इथं मात्र मीसुद्धा विरघळले. आमच्या घराला मेंढीकोटाचा नाद होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जणांचा खेळ, समोरासमोर बसतात ते एकमेकांचे भिडू. पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्यांनी जास्त मेंढ्या पकडल्या ते जिंकले, आणि चारही पकडल्या तर समोरच्यावर कोट. खेळ सोपा आहे, पण आमच्या ओसरीवर तो इभ्रतीचा होता. आबा, आमचे चुलते तात्या, आत्याचे यजमान आणि शेजारपाजारचा कुणीतरी, अशी चौकडी उन्हाळाभर दुपारची बसायची. खोकला आला की बदाम, कान खाजवला की इस्पिक, अशा खुणा चालायच्या. सगळ्यांना सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या, तरी चोरी पकडल्याचा आव आणून रोज नव्यानं भांडणं व्हायची. आम्ही पोरं मागं बसून बघायचो. मोठ्यांतला कुणी उठला तर त्याच्या जागी आम्हाला बसवायचे. मलाही बसवायचे. पुढं मी जरा उंच झाले तशी मला आतून हाक यायला लागली, आणि दादा मात्र बसत राहिला.

आई या चित्रात होती, पण चहा घेऊन येताना आणि कपबशा घेऊन जाताना. आजोबा होते तोवर सासऱ्यासमोर सुनेनं सतरंजीवर बसायची रीतच नव्हती. आजोबांना जाऊनही आता पुष्कळ उन्हाळे झाले. ओसरी पाडून स्लॅबचा हॉल झाला, शेणाची जमीन जाऊन फरशी आली. रीत तेवढी राहिली, आणि ती कुणी राखली हे विचारलं असतं तर प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं असतं.

पत्त्यांचं ठरल्यावर आईचा मला फोन आला. ऊन, डाळिंबाची फवारणी, माझ्या सासूबाईंचे गुडघे, असं सगळं बोलून झालं. मग जरा थांबून म्हणाली, "दादाला म्हण, एक डाव मला बी बसवा." मी विचारलं, तुला येतं का खेळायला?

"लगीन हून आले तवापासनं बघतीय," ती म्हणाली. "उभ्यानं."

त्या शेवटच्या शब्दानं मला फार वाईट वाटलं. आईनं आजवर आमच्याकडं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि मागितलं तर हे. मी लगेच ग्रुपवर टाकलं, की या खेपेला आई खेळणार आहे. दादानं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला. तात्यांनी जोडलेले हात पाठवले, पण तात्या वाढदिवसाला आणि दुःखद निधनालाही तेच पाठवतात, त्यामुळं त्यांचं मत कळलं नाही.

रविवार आला. हॉलमध्ये सतरंजी अंथरली. आबा आणि दादा एका बाजूला, तात्या आणि भाची दुसऱ्या. आई दाराशी येऊन उभी राहिली. आधी आमचा एक डाव होऊ दे, मग तू बस, असं दादा म्हणाला. डाव संपला तेव्हा आबांवर कोट बसला होता, आणि कोट न फेडता उठणं म्हणजे आबांच्या मते नाक कापून घेणं. तो फेडेपर्यंत चहाची वेळ झाली. मग आमरसाचं जेवण, कारण जुने दिवस आमरसाशिवाय परत येत नाहीत. जेवणं उरकल्यावर आई हात पुसत आली आणि सतरंजीच्या कडेला टेकली. तेवढ्यात थ्री फेजची लाईट आली. उसाला पाणी द्यायची पाळी तात्यांची होती. त्यांनी पत्ते टाकले आणि मोटर चालू करायला पळाले.

दादानं हॉलभर नजर फिरवून माणसं मोजली. आबा, तो स्वतः आणि त्याची लेक. "तिघंच राहिलो की," तो म्हणाला. "चौथा भिडू आता कुठून आणायचा?" आणि त्यानं पत्ते गोळा करून डबीत भरले.

आई सतरंजीवर बसलेली होती. दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ती दिसलीच नाही. आबांनाही दिसली नाही. भाचीनं तोंड उघडलं, पण तोवर आई उठली होती. तिनं सतरंजी झटकली, घडी घालून कपाटावर ठेवली आणि आमरसाची भांडी घासायला गेली.

निघताना मी दादाला गाडीपाशी गाठलं आणि चांगलं सुनावलं. तो खरोखरच गोंधळला. आईला आपल्याला खाऊ घालण्यातच आनंद असतो, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हणाले, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं तो नक्की जेवायला बसलेला असणार. वहिनी गाडीत बसली होती. तिनं काच खाली घेतली, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं.

त्यानंतर जे झालं ते दादाच्या प्रशिक्षणात बसणारं नव्हतं. भाचीनं आजीच्या मोबाईलवर पत्त्यांचा एक गेम घालून दिला आणि बारामतीहून फोनवर तिला शिकवायला लागली. दिवेलागणीनंतर आजी अंथुर्ण्यात आणि नात बारामतीत, असा रोजचा डाव सुरू झाला. लवकरच आईनं मोरगावच्या मावशीलाही त्यात ओढलं. चौथा भिडू मशीन होतं. ते चहा मागत नसे, म्हणून दोघी बहिणींना फार आवडायचं. इकडं बारामतीत दादा लेकीला रोज रागवायचा, की तो मोबाईल ठेव आणि जरा घरच्या माणसांत बस. पोरगी त्या वेळी घरच्या माणसांतच बसलेली असायची, पण हे त्याला सांगायचं नाही असं आमचं बायकांचं ठरलं होतं.

मी आईला म्हटलं, चला, हौस फिटली तुझी. ती म्हणाली, "कशाची फिटतीय? मोबाईलवर पत्ता आपटता येत न्हाय."

तेव्हा मला समजलं की तिला नुसतं खेळायचं नव्हतं. तिला त्या हॉलमध्ये, त्या सतरंजीवर, आबांच्या शेजारी बसून खेळायचं होतं, आणि सगळ्यांनी ते बघायला हवं होतं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी तात्या पाहुण्यांच्या जागरण-गोंधळाला गेलेले. वहिनीनं बारामतीहूनच मसालेभाताचं पातेलं आणलं, ते ओट्यावर ठेवलं आणि आतल्या खोलीत पंखा लावून झोपली. तिच्या मते रविवारी दुपारी झोपणं हीही आमच्या घरातली जुनीच पद्धत होती, फक्त बायकांपर्यंत आली नव्हती. दादा म्हणाला, तात्या नाहीत तर पत्ते राहू द्या, दुसरं काहीतरी काढू. त्याच्या मनात गोधड्या शिवायचं घोळत होतं. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

भाचीनं पत्ते पिसायला घेतले होते. "चौथी आजी," ती म्हणाली, आणि वाटायला सुरुवात केली.

आई आली. तिनं ठेवणीतली साडी नेसली आहे, हे मला तेव्हा दिसलं. ती नातीच्या समोर, आबांच्या उजव्या हाताला, मांडी घालून बसली. दादा काहीतरी बोलणार होता, पण आपण ग्रुपवर 'लहानथोरांनी मिळून' असं लिहिलं होतं, हे त्याला आठवलं असावं. आबांनी जरा सरकून जागा दिली आणि आपले पत्ते छातीशी धरले.

यापुढं आईनं सगळ्यांना धूळ चारली असं लिहायला मला फार आवडलं असतं. आई अतिशय वाईट खेळली. मोबाईलवर पत्ते आपोआप लागतात. इथं ते तिच्या हातात मावेनात, मधूनच एखादा निसटून उताणा पडायचा, आणि आबा तिकडं न बघण्याचा प्रयत्न करून बघायचे. कुणीही हात जिंकला तरी पडलेले पत्ते आईच उचलायची, कडा जुळवायची आणि ज्याचे त्याच्यापुढं नीट ठेवायची. "आजी, ज्याचा हात त्यानं उचलायचा," नातीनं सांगितलं. आई बरं म्हणाली आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं. चौकटची दश्शी तर तिनं एखाद्या दागिन्यासारखी शेवटपर्यंत जपली आणि अगदी शेवटच्या हाताला दादाच्या घशात घातली.

पण ती आपटायची मात्र. पहिला पत्ता सतरंजीवर आपटला तर आवाजच आला नाही. तिनं सतरंजीची कड मागं दुमडून फरशी उघडी केली आणि पुढचा पत्ता तिथं मारला. तो आवाज ऐकून आतल्या खोलीत वहिनी जागी झाली. ज्या जोरानं लोक हुकमाचा एक्का टाकतात त्या जोरानं आईनं बदामाची सत्ती टाकली होती. दादा तिला समजावून सांगायला लागला, की आई, सत्तीला एवढा जोर लावत नाहीत. "तू तुजं बघ," आई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता, माझ्या लग्नातसुद्धा नाही. मी खेळत नव्हते, तिच्या मागं बसून तिचे पत्ते बघत होते, आणि ती इतकी चुकत असून मला कमालीचा आनंद होत होता.

दुसरा डाव अर्ध्यावर आला. आईनं चुकून की नशिबानं एक हात मारला, आणि आबांनी पत्त्यांतून मान वर न करता म्हटलं, "च्या टाक गं जरा."

मी उठले. दादाला गाडीपाशी एवढं सुनावणारी मी, आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गुडघ्यांवर आले होते. आईनं एका हातात पत्ते सांभाळत दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"अवो," ती आबांना म्हणाली, "माजी उतारी हाय."

आता पत्त्यांत हा कायदाच आहे. ज्यानं हात जिंकला त्याची पुढची उतारी. पहिलं पान त्यानं टाकायचं, आणि त्यानं टाकल्याशिवाय बाकीच्यांना काही करता येत नाही. आबा उभी हयात हा कायदा पाळत आलेले. त्यांनी आईकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, पण माझं मनगट अजून आईच्या हातात होतं. मग आतल्या खोलीकडं बघितलं, तिथं पंखा फिरत होता. आबा काही दुष्ट माणूस नाहीत. चहा कुठून येतो हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता, एवढंच. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघराकडं निघाले. जाताना आपले पत्ते बरोबर घेऊन गेले, कारण घरच्या माणसांवर किती भरवसा ठेवायचा हे त्यांना मेंढीकोटानंच शिकवलं होतं.

आम्ही बाहेर बसून ऐकत होतो. लायटर बराच वेळ टकटक वाजला. एक झाकण पडलं आणि घरंगळत लांब गेलं. मग आबांचा आवाज आला, "साकर कुठं हाय?"

जन्मभर कारखान्याला ऊस घातलेला माणूस स्वतःच्या घरातली साखर शोधत होता. दादानं मान खाली घातली.

"फळीवर," आईनं पत्त्यांतून नजर न काढता सांगितलं. "लाल झाकान."

"दोन लाल झाकनं हायती."

"चाखून बघा की."

चहा आला. आबांनी दोन खेपा करून कप आणले, पत्ते सदऱ्याच्या खिशात. दूध उतू गेल्याचा वास हॉलभर पसरला होता. चहात साखर इतकी की ओठ चिकटावेत. ऊसवाल्याच्या हाताला बहुतेक तेवढंच माप ठाऊक असावं. दादा म्हणाला, वा. कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. आईनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायला लागली. तिच्या स्वतःच्या घरात, बसल्या जागी, दुसऱ्यानं हातात आणून दिलेला चहा. मला रडू आलं. चहा फार गोड झालाय म्हणून ठसका लागला, असं मी सांगितलं.

बशी खाली ठेवून आईनं विचारलं, "अजून अर्धा कप हाय का?"

आबा पुन्हा उठून आत जाऊन आले. पातेल्यात काही उरलं नव्हतं. ते खाली बसले, त्यांनी आपल्या कपातला उरलेला चहा तिच्या कपात ओतला, थोडा बशीत सांडला.

"आता तरी उतर," ते म्हणाले.

आईनं तो चहाही संपवला. पदराला हात पुसले. पत्ते उचलून एकेक करून पुन्हा लावले, आणि कुठलं पान टाकायचं याचा विचार करायला तिनं भरपूर वेळ घेतला. आम्ही सगळे तिची वाट बघत थांबलो.